आधी मिस्त्री बघा, मग सायकल

(अमळनेर तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पहिली सायकल : कोणती आणि कुठून’. तीन गोष्टी सांगायच्या ठरवून आलोय. माप कसं घ्यायचं, पैसे किती घालायचे आणि दुकान कोणतं गाठायचं. वेळ पंचेचाळीस मिनिटं आहे. समोर अकरावी-बारावीची मुलंमुली दिसतात, त्यांचे आईवडील दिसतात. मागच्या रांगेत काही निवृत्त मंडळी आहेत, त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि गुडघे ऐकत नाहीत. मी बोलणार आहे ते तुमच्याशी.

पण आधी एक प्रसंग सांगतो. त्यावाचून पुढचं काही पटायचं नाही.

माझी धाकटी अकरावीला गेली तेव्हाची गोष्ट. आमच्या गावापासून कॉलेज सात किलोमीटर. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि ती सगळी वर्षं वडिलांच्या चोवीस इंची अ‍ॅटलसवर शाळेत गेलो. त्यामुळे घरात सायकलीबद्दल शेवटचा शब्द माझा. मुलीने मोबाईलवर एक सायकल दाखवली. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत 8,400 रुपये. मी म्हटलं, घे. मुलगी रोज चौदा किलोमीटर जाणार, तिला चांगलं मिळावं एवढाच विचार होता.

आठ दिवसांत भलंमोठं खोकं घरी आलं. सायकल जवळजवळ जोडलेली असते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल आपण बसवायचे. सोबत एक पाना आणि इंग्रजीतला कागद. ओट्यावर चादर अंथरली, शेजारची पोरं गोळा झाली आणि तासाभरात सायकल उभी केली. एक पायडल जाताना फार जड गेलं. मी जोर लावून बसवलं.

नवव्या दिवशी पाटचारीजवळ ते पायडल निखळलं. मुलगी खडीवर पडली. कोपर सोललं, ओढणी फाटली. ती चार किलोमीटर सायकल ढकलत घरी आली. मागून ट्रक नव्हता म्हणून आज मी हे शांतपणे सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन नानांकडे गेलो. नाना म्हणजे आमच्या स्टँडवरच्या निंबाखाली बसणारे मिस्त्री. एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या ट्यूबा, टायर, चेन. त्यांनी सायकलीला हातसुद्धा लावला नाही. बसल्या जागेवरून बघितलं आणि म्हणाले, “गुरुजी, चिमटा उलटा शे.”

पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, मी पाठमोरा ठेवून हँडल आवळलं होतं. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा भाग, डाव्या अंगाला, चिमट्याच्या मागे असायला हवा. तो उजवीकडे पुढे आला होता. मुलगी रोज म्हणायची, बाबा, वळताना बूट चाकाला लागतो. मी म्हणायचो, सवय होईल.

मग नानांनी निखळलेलं पायडल हातात घेतलं, त्याचा दांडा कपड्याने पुसला आणि टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. तिथे तिळाएवढं अक्षर कोरलेलं होतं, एल. डावं पायडल. त्याचे आटे उलटे असतात. आवळायला पाना उलट्या दिशेने फिरवावा लागतो. आटे सरळ असते तर पाय मारता मारता ते आपोआप ढिलं होत गेलं असतं, म्हणून ही रचना. मी ते उजव्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या उजव्या दांड्यात, जोराने घुसवलं होतं. क्रँकचे आटे पार चाटून गेले होते. नानांनी बोट आत घालून फिरवलं तर लोखंडाची बारीक चमकी बोटाला लागून आली.

तीस वर्षं सायकल चालवली, पण पायडल मी कधी बसवलंच नव्हतं. ते काम कायम नानांचं होतं. ते माझ्या लक्षात यायला मुलीचं कोपर सोलावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

इथे गोष्ट संपत नाही. क्रँक बदलला, चिमटा सरळ केला. महिन्याभरात पंक्चर. आपल्याकडे पावसाळा ओसरला की बांधाबांधाने सराटे पसरतात. सराट्याची रचना कधी नीट बघा. कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. शिवाय वेडी बाभूळ आहे, कपाशीच्या गाड्यांबरोबर रस्त्यावर आलेल्या पऱ्हाट्या आहेत. खान्देशात सायकल घ्यायची म्हणजे पंक्चर गृहीत धरूनच घ्यायची. त्या सराट्याने ट्यूब तीन ठिकाणी फोडली होती, ठिगळ बसेना. नानांनी टायरवरचा आकडा वाचला, साडेसत्तावीस. भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, “हाई टायर आठे भेटाव नही.”

तालुक्याला तीन दुकानं फिरलो. नाही. कंपनीला फोन लावला, तर म्हणाले जवळच्या सेवा केंद्रात न्या. जवळचं केंद्र कुठे, तर पुण्यात. शेवटी जळगावला, तेही चौथ्या दुकानात, ट्यूब मिळाली. तोवर अडीच महिने ती सायकल गोठ्यात उभी. मुलीने ते दिवस मैत्रिणीच्या कॅरिअरवर बसून काढले. मैत्रिणीची सायकल कोणती? साधी, काळी, दांडी नसलेली, गावातल्या दुकानातून घेतलेली.

त्या अडीच महिन्यांत माझं मत पक्कं झालं. पहिली सायकल घ्यायला निघालात की आधी आपल्या मिस्त्रीची भिंत बघा. त्या भिंतीवर ज्या मापाचे टायर-ट्यूब टांगलेले असतील, ती सायकल तुमची.

मापांचा घोळ फार आहे, थोडा सांगतो. ‘सव्वीस इंची’ म्हणून दोन-तीन वेगवेगळी चाकं बाजारात आहेत. टायरवर 26 × 1.95 लिहिलं असेल तर रिमची बैठक, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास, 559 मिलिमीटर. 26 × 1 3/8 लिहिलं असेल तर 590. एक दुसऱ्यावर चढत नाही. म्हणून दुकानात नुसतं सव्वीस म्हणू नका, पूर्ण आकडा वाचून दाखवा. आपली जुनी काळी सायकल 28 × 1 1/2, तिची बैठक 635. आणि ज्याला आपण ‘चोवीस इंची’ म्हणत आलो तो आकडा चाकाचा नाहीच, फ्रेमच्या उंचीचा आहे. मोबाईलवरून मागवताना इथेच पाय घसरतो. आजोबांची चोवीस होती म्हणून चोवीस मागवली, तर घरी लहान मुलाची सायकल येते.

अ‍ॅटलसचं नाव निघालं म्हणून दोन मिनिटं घेतो. सोनीपतला 1951 साली ही कंपनी सुरू झाली. 3 जून 2020 ला, लॉकडाऊनच्या दिवसांत, तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. 3 जून म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी वडिलांची सायकल बाहेर काढली, चेनला तेल दिलं आणि गावाला फेरी मारून आलो. ती सायकल आजही चालते. तिचे छर्रे, चेन, ब्रेकचे रबर, सगळं नानांच्या पेटीत मिळतं. कारखाना बंद झाला तरी सायकल चालू आहे, कारण तिचे भाग कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत.

आता गिअर. मुलं सगळ्यात आधी तेच विचारतात. अरे, आपण तापीच्या खोऱ्यात राहतो. चोपडा, यावल, अमळनेर, शहादा, कुठेही जा, रस्ता परातीसारखा. लळिंगचा घाट किंवा तोरणमाळ चढायचा असेल तर गिअर घ्या, खुशाल घ्या. कॉलेजला जायला नको. चेनच्या पुढच्या चक्राला 44 दात, मागच्याला 18. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे म्हणजे अगदी आरामात पाय मारणं, तरी ताशी सोळा किलोमीटरचा वेग पडतो. सात किलोमीटरचं कॉलेज पंचवीस-सव्वीस मिनिटांत. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर आला तर पस्तीस धरा. आणि आठ-नऊ हजारांच्या सायकलीला जो शॉकअप येतो, तो नुसता जड असतो. पाय मारलेला थोडा जोर तोच खातो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. म्हणजे कबूल केलेल्या तिन्ही गोष्टी आता भराभर.

माप. सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहा, टाचा जमिनीवर. दांडी आणि तुमच्यामध्ये तीन-चार बोटं जागा हवी. मग सीटवर बसून पायडल अगदी खाली न्या आणि टाच त्यावर ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. होत नसेल तर सीट वर करा. साडी, सलवार, धोतर वापरणाऱ्यांनी बिनदांडीची आणि पूर्ण चेनकव्हर असलेली घ्यावी.

पैसे. पाच ते सहा हजारांत साधी, बिनगिअरची, भक्कम लोखंडी सायकल मिळते. पहिल्या सायकलीला त्याहून जास्त घालू नका. उरलेल्या पैशातून पंप, कुलूप, घंटी, मागचं रिफ्लेक्टर घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. सहा हजारांच्या सायकलीमागे साधारण पावणेचारशे रुपये वाचतात, तेव्हा पक्कं बिल मागा. आणि पालकांनो, मानव विकास कार्यक्रम ज्या तालुक्यांत लागू आहे तिथे आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देतं. शाळेतून चौकशी करा, लाजू नका. तो तुमच्या मुलीचा हक्क आहे.

दुकान. जिथे विक्री आणि दुरुस्ती एकाच छपराखाली आहे, तेच दुकान. गावात नसेल तर तालुक्याचं. दुकानदाराला सांगा, पुढचं चाक उचलून फिरवून दाखवा. ब्रेकच्या रबराशी डोळा लावा; रिम डावी-उजवी डुलत असेल तर म्हणा, आऊट काढून द्या. तिथल्या तिथे आरे आवळून चाक सरळ करून देतो तो माणूस तुमचा. ‘चालवा, बसेल आपोआप’ म्हणतो तिथून निघा. महिन्याभराने पुन्हा न्या, कारण नवीन सायकलीचे आरे आणि नट पहिल्या महिन्यात ढिले पडतातच.

जुनी घ्यायची असेल तर उत्तमच, पण मिस्त्रीकडूनच. आठवडे बाजारात अनोळखी माणूस हजार रुपयांत सायकल देत असेल तर ती उलटी करून दोन्ही क्रँकच्या मधल्या नळीखाली ठोकलेला फ्रेम नंबर बघा. नंबर घासलेला दिसला तर सायकल चोरीची समजा. ऊन खाल्लेली जुनी ट्यूब-टायर घेतल्या दिवशीच बदला; आपल्या मे महिन्यात ठिगळं आपोआप सुटतात.

मोबाईलवरून मागवायचीच असेल त्यांना एकच विनंती. खोकं आलं की ते घरी उघडू नका. बैलगाडीत टाका, रिक्षात टाका, पण तसंच मिस्त्रीकडे न्या. जोडायचे दोनतीनशे रुपये जातील, जाऊ द्या.

नानांशी मी बोलून ठेवलंय. येत्या रविवारी सकाळी आठला ते निंबाखाली तीन मापांच्या सायकली उभ्या ठेवणार आहेत. ज्यांना माप घ्यायचंय त्यांनी यावं. बायकांसाठी माझी मुलगी असेल. येताना रोज घालता ती चप्पल किंवा बूट घालून या, सीटची उंची त्यावरच ठरते.