भांग कोणत्या बाजूला होता?

(सोलापुरात चित्रपट व मालिकांमधील केशभूषेविषयी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरकर बंधुभगिनींनो, चित्रपटात किंवा मालिकेत केशभूषा करणारी बाई नटीला सुंदर दिसायला मदत करते, अशी आमच्या कामाची सर्वसाधारण ओळख आहे. सव्वीस वर्षे हे काम केल्यावर मी सांगेन की आमचा बहुतेक दिवस हिशेब ठेवण्यात जातो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. नायिका घराच्या दारातून बाहेर पडते तो प्रसंग आज होतो आणि ती अंगणात पाऊल ठेवते तो तीन आठवड्यांनी, कदाचित दुसऱ्याच गावी. पडद्यावर मात्र या दोहोंत क्षणाचेही अंतर नसते. म्हणून भांग कोणत्या बाजूला होता, वेणी कोणत्या खांद्यावरून पुढे घेतली होती, कानामागची बट सुटलेली होती की खोचलेली, गजरा किती सुकला होता, हे सारे टिपून ठेवावे लागते. मी शिकत होते तेव्हा वहीत आकृत्या काढीत असू आणि धुऊन आणलेली छायाचित्रे त्यांच्याशेजारी चिकटवीत असू. आता मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्र घेता येते, तरीही मी वही सोडलेली नाही, कारण तेल किती चोळले, पाणी किती शिंपडले आणि अंबाड्याच्या आत किती आकडे खोचले, हे छायाचित्रात उमटत नाही.

माझे पहिले शिक्षण याच शहरात झाले, आणि तेही लग्नघरांत. साखर पेठेतल्या तेलुगू विणकर कुटुंबांत नवरीच्या वेणीवर फुलांची पूलजडा बांधली जाई. कन्नड घरांत मोगऱ्याच्या कळ्यांची मोग्गिन जडे असे. मराठी घरांत खोपा आणि अंबाडा. तीन भाषांच्या या गावात एका पोरीला तीन प्रकारचे केस बांधायला मिळाले, हे भाग्य मुंबईत वाढलेल्या माझ्या कितीतरी सहकाऱ्यांना लाभले नाही.

मुंबईत मात्र पहिल्याच पावसाळ्यात माझे हात हरले. इथल्या कोरड्या हवेत तासन्‌तास टिकणारे कुरळे वळण तिथे दुसऱ्या दृश्याच्या आत सैल पडे. त्याचे कारण मला पुढे समजले. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्यांतले काही नाजूक बंध पाण्याने व उष्णतेने सुटतात, केस वाळताना आणि थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून गरम सळईवरून उतरवलेली बट लगेच मोकळी न सोडता आकड्याने बांधून पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. आणि दमट हवा हेच बंध पुन्हा सोडवीत राहते. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, जळला तर तो भरून येत नाही. दैनंदिन मालिकेत एकाच नटीच्या केसांवर रोज सळई फिरवणे मला मान्य नाही. अशा वेळी मी गंगावन, म्हणजे वरून लावायचे जोडकेस, जोडते आणि सारी उष्णता त्याला देते.

डोक्यावर चढवायच्या केसांच्या टोपाविषयी थोडे विस्ताराने बोलते, कारण आपल्याकडे चित्रपटाचा जन्मच टोपासह झाला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली, १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. आजचा चांगला टोप बारीक जाळीवर सुईसारख्या आकडीने केस गाठवून केला जातो, कपाळालगत तर एका गाठीत एकच केस, म्हणून त्याला अनेक दिवस लागतात. एका डोक्यावरून एकत्र उतरवलेले, मुळे एकाच बाजूला ठेवलेले केस त्यासाठी सर्वांत उत्तम, कारण केसावरचे सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे जातात आणि दिशा उलटली की एकमेकांत अडकून गुंता होतो. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावाने विकले जातात, त्यांना जगभर मागणी असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

ऐतिहासिक कथानकात सर्वांत कठीण काम केस नसण्याचे असते. केशवपन केलेली विधवा दाखवताना नटीच्या डोक्यावर पातळ टोपी चिकटवून तिची कड त्वचेत मिसळावी लागते. हे करताना मला प्रत्येक वेळी १८९० आठवते. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला होता. केसांवर पोट असलेल्यांनी तो घेतला, याचा मला मोठा अभिमान आहे.

मानधनाचे थोडक्यात सांगते. कामाचे पैसे शिफ्टवर ठरतात आणि मालिकांत ते बहुधा तीन महिन्यांनी हाती येतात. एका निर्मात्याकडचे माझे दोन महिन्यांचे पैसे कधीच आले नाहीत. त्यापेक्षा जास्त सलली ती एक प्रथा. आमच्या क्षेत्रात बाईला संघटनेचे, कामाला लागणारे कार्ड केशभूषेचेच मिळे, रंगभूषा पुरुषांकडे राखलेली होती. ‘मेकअप दादा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ‘मेकअप ताई’ कधी ऐकला नाही, तो यामुळे. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. माझ्या हाताखाली आकडे वेचून देणाऱ्या दोन मुली आज रंगभूषेचे स्वतंत्र काम करतात. मलाही कार्ड घेता आले असते. मी केसांतच राहिले, आणि या वेळी तो निर्णय माझा स्वतःचा होता.