घराजवळची सिस्टर

(नाशिकमधील ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेलं भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. मागच्या महिन्यात इथल्याच एका आजींनी मला विचारलं, "लेक अमेरिकेतून सांगते, तिकडे आमची फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. तीच तपासते, तीच औषध लिहून देते. आपल्या नाशकात अशी कुठे मिळेल गं?"

लेक सांगते ते खरं आहे. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी ही वाट काढली. आज तिथे त्यासाठी नर्सिंगची पदव्युत्तर पदवी लागते, आणि बऱ्याच राज्यांत ती नर्स स्वतःच्या अधिकारात औषध लिहिते. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आहे, पण तो मुख्यतः अतिदक्षता विभागासारख्या रुग्णालयातल्या कामासाठी. त्यामुळे कुणी घरी येऊन मनानेच गोळ्या लिहून देऊ लागली, तर तिला थांबवा.

पण आजींना हवं होतं ते माणूस आपल्याकडे नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी सुरुवातीची वर्षं सुरगाण्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात गेली. आदिवासी भागात साधारण तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असतं. कुठल्या घरात सून सातव्या महिन्यात आहे, कुठला म्हातारा बीपीची गोळी अर्धी करून खातो, हे मला पाठ असायचं. २०१८ पासून अशा उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेले, वर सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण घेतलेले. आता त्या केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होते. गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. गावी शेतीवर जाऊन-येऊन असाल, तर तिथलं केंद्र एकदा पाहून या.

शहरात हेच काम महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र करतं. आपलं कुठलं, हे अंगणवाडीत विचारा किंवा आशाताईंना विचारा. त्यांना गल्ली न् गल्ली ठाऊक असते.

आता घरी येणाऱ्या सिस्टरबद्दल, कारण फसगत होते ती इथे. माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा मी नोकरीत होते. एका ब्युरोने मुलगी पाठवली. पांढरा कोट, गोड बोलणं. आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणायचो. एका संध्याकाळी तिने शुगर न मोजता, आई जेवली नाही हे न पाहता, इन्सुलिन टोचलं. मी घरी आले तर शुगर एकदम उतरून आई घामाने निथळत होती, हात थरथरत होते. शुद्धीवर होती म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. चौकशी केली तेव्हा कळलं, पोरीने नर्सिंगचा कुठलाच कोर्स केलेला नव्हता. तिच्यावर मी रागावले नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी, स्वतः नर्स असून, विचारलं नव्हतं.

म्हणून विचारा. नर्सिंगचा कुठला कोर्स झालाय, एएनएम की जीएनएम की बीएस्सी? महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा. खरी नर्स त्याचा राग मानत नाही. अंघोळ घालायला, कूस बदलायला, भरवायला मावशी पुरते, आणि चांगली मावशी मिळणं हे भाग्यच. पण इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, नाकातली नळी, जखमेचं ड्रेसिंग यांना शिकलेलाच हात हवा, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. पहिल्या दिवशी तिचं काम जवळ बसून बघा. आल्याबरोबर हात धुते का? औषध देण्याआधी चिठ्ठी वाचते का? दिलेलं वहीत लिहिते का? मी तर वही आधी बघते. आणि हे सगळं आजारपण यायच्या आधी करा. रात्री अकराला घाबऱ्याघुबऱ्या शोधलेल्या माणसाला कुणी नोंदणी विचारत नाही. तेव्हा १०८ लाच फोन करायचा असतो.

आपल्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर आज मुद्दाम आल्या आहेत, त्या खिडकीजवळ बसल्यात. चहाच्या वेळी त्यांना आपलं नाव सांगा, घरात कुणाला काय आहे ते सांगा. लसीकरणाचा वार सोडून कधी यायचं, तेही त्यांनाच विचारून घ्या.