कृष्णेच्या उताराने: धोम ते माहुली, सायकलवरून

(दृश्य: धोम धरणाच्या खालचे खोरे, सकाळचे ऊन, उसाच्या फडांमधून जाणारा अरुंद रस्ता)

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून वाई तालुक्यात येते आणि धोम येथे धरणाच्या भिंतीशी थबकते. तिथून सुटल्यावर ती मेणवली, वाई आणि लिंब या गावांजवळून वाहत जाऊन साताऱ्यालगतच्या माहुलीला वेण्णा नदीला मिळते. नदीच्या सोबतीने केलेला हा प्रवास सायकलवरून सुमारे ५० किलोमीटरचा होतो. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना डोंगर असले तरी रस्ता तळातून, नदीच्याच दिशेने उतरत जातो, त्यामुळे साध्या, बिनगिअरच्या सायकलवरही तो दोन दिवसांत आरामात पुरा करता येतो.

या वाटेवरच्या जुन्या वास्तू बहुतांशी अठराव्या शतकातील आहेत आणि त्यांतील बऱ्याच वास्तूंचा पाण्याशी थेट व्यवहार आहे. कुठे पाणी साठवले आहे, कुठे उपसले आहे, तर कुठे पुराचा जोर फोडला आहे. मोटारीतून येणाऱ्याला हे सहसा उमगत नाही, कारण त्याला जमिनीचा कल जाणवत नाही. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना मात्र तो लगेच कळतो, आणि कल कळला की बांधणाऱ्याने हीच जागा का निवडली, याचाही अंदाज येऊ लागतो.

(दृश्य: धोम, महादेवाचे मंदिर, नंदीचे कुंड)

मुक्काम वाईत ठेवून सकाळी आधी धोमपर्यंत जावे, हे उत्तम. अंतर आठ-नऊ किलोमीटरचे असून चढ इतका सौम्य आहे की परत फिरताना सायकल आपोआप धावू लागते, तेव्हाच आपण चढत होतो हे ध्यानात येते. उजव्या हाताला पांडवगड आणि डावीकडे, नदीपलीकडे, पाचगणीचे पठार दिसते. धोम गावाचे नाव धौम्य ऋषींशी जोडले जाते. येथील महादेवाच्या मंदिरासमोरचा नंदी जमिनीवर बसवलेला नाही. कमळाच्या आकाराच्या कुंडात एक दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर हा नंदी विराजमान आहे. कुंड भरलेले असले की कासव नंदीला घेऊन पोहत असल्याचा भास होतो. कुंड कोरडे असताना हीच रचना निव्वळ चांगले शिल्पकाम वाटते, म्हणून पावसाळा सरल्यानंतरचे दिवस येथे येण्यास योग्य. गावाच्या वरच्या अंगाला साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे धरण उभे आहे आणि पुढे वाटेत दिसणाऱ्या हिरवाईचा मोठा भाग त्याच्या कालव्यांवर पोसला जातो.

(दृश्य: मेणवलीचा घाट)

धोमहून परतताना, वाईच्या अलीकडे तीन किलोमीटरवर मेणवली लागते. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांना हे गाव इनाम मिळाले होते आणि त्यांनी येथे नदीकाठी वाडा, घाट आणि मंदिरे उभारली. सहा चौकांचा हा वाडा आणि त्यातील भित्तिचित्रे सावकाश पाहावीत. अर्ध्या तासात उरकण्याजोगे हे ठिकाण नाही. नानांच्या कारभाराची कागदपत्रे याच वाड्यात जपली गेली आणि अभ्यासक त्यांना ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ओळखतात.

वाड्यामागचा अर्धचंद्राकृती घाट पाहताना पायऱ्यांची रुंद रांग नुसती शोभेसाठी आहे असे वाटू शकते. पण कृष्णेची पातळी वैशाखात आणि श्रावणात सारखी नसते. पाणी कितीही वर-खाली झाले तरी त्याच्या काठाशी एक पायरी असतेच, आणि स्नान, धुणे, पाणी भरणे ही कामे बारा महिने अडत नाहीत. घाटावर मेणेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाल येशू यांची प्रतिमा व १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांमध्ये आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली आणि भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच. मेणवलीची घंटा नदीच्या इतकी जवळ आहे की तिचा नाद पाण्यावरून पैलतीराला जातो.

(दृश्य: वाई, गणपती आळीचा घाट, ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील बाजू)

वाईत शिरताना सायकल हातात धरून चालणे सोयीचे, कारण आळ्या अरुंद आहेत आणि घाट एकामागून एक लागतात. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. पेशव्यांच्या घराण्याशी सोयरीक असलेल्या रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. दर्शनाची रांग पुढच्या दाराशी असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मंदिराची मागची भिंत अधिक महत्त्वाची आहे. ती सपाट नसून माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. महाबळेश्वरला जाताना वाईत फक्त जेवणापुरते थांबणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून ही भिंत सुटते.

वाईच्या पुढे पाचवडपर्यंतचा रस्ता शेतांमधून जातो. ऊस, हळद आणि मधूनमधून भाजीपाल्याचे मळे दिसतात, आणि हिवाळा सरता सरता हळद शिजवण्याचा वास शिवारात पसरतो. गाळपाच्या हंगामात येथे एक पथ्य पाळावे लागते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला चटकन थांबता किंवा बाजूला होता येत नाही, म्हणून तो मागून येत असल्याचे कळताच आपणच रस्त्याच्या कडेला उतरावे. पाचवडला पुणे-बंगळुरू महामार्ग आडवा येतो. लिंब फाट्यापर्यंतचा टप्पा महामार्गालगतच्या सेवा रस्त्याने काढावा लागतो, आणि या प्रवासातला तेवढाच भाग कंटाळवाणा आहे.

(दृश्य: लिंब, विहिरीत उतरणारा जिना)

फाट्यावरून आत वळल्यावर लिंब गावच्या शिवारात बारा मोटांची विहीर आहे. रस्त्यावरून तिचा पत्ताही लागत नाही, कारण सारी इमारत जमिनीखाली आहे. शिलालेखानुसार शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर तिच्या जोडविहिरीसह वरून शिवलिंगाच्या आकाराची दिसते. दोन्हींच्या मधल्या भागावर एक छोटा महाल असून त्याच्या खांबांवर कोरीव काम आहे. एवढा खर्च आमराईला पाणी देण्यासाठी केला गेला.

मोट ओढण्याचे तंत्र येथे नीट समजून घेता येते. चामड्याची मोट, म्हणजे पाणी उपसण्याची मोठी पिशवी, विहिरीत सोडायची, ती भरली की बैल विहिरीपासून दूर, उतरत्या धावेवरून चालू लागायचे. उतारावर बैलांचे वजनच त्यांच्या मदतीला येते, त्यामुळे नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेली जड मोट वर खेचली जाते. वर पोहोचताच सोंदुराने, म्हणजे तोंडाला बांधलेल्या बारीक दोरीने, तिचे तोंड मोकळे होते, पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पडते आणि पाटाने झाडांकडे निघते. अशा बारा मोटा एका वेळी चालत असतील, तेव्हा येथे किती बैल, किती माणसे आणि केवढा आवाज असेल, याची कल्पना काठावर उभे राहून करावी. ऊन विहिरीच्या तळापर्यंत पोहोचते ते दुपारच्या सुमारास, म्हणून लिंबला त्या वेळी असावे.

(दृश्य: संगम माहुली)

लिंबहून पुढे वेण्णा ओलांडून सातारा गाठायचा आणि शहराच्या पूर्वेला, चार-पाच किलोमीटरवरच्या माहुलीला जायचे. संगमाच्या एका तीरावर संगम माहुली आणि दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली आहे. श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर आणि त्याचा घाट हे येथील मुख्य आकर्षण. छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधीही संगमावर आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. न्यायनिष्ठेसाठी नावाजलेले रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचेच.

सातारा रेल्वे स्थानक शहरात नसून माहुलीच्या बाजूला आहे, आणि सायकलस्वाराला ही गैरसोय पथ्यावर पडते. पुण्याकडे जाणाऱ्या ज्या गाड्यांना सामानाचा डबा असतो, त्यांत पार्सल कार्यालयातून सायकल सामान म्हणून नोंदवता येते. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी तासभर तरी स्थानकावर पोहोचावे.