रिपोर्ट नॉर्मल, तरीही ओटीपोट दुखते

नमस्कार. ‘सोनोग्राफीत काही नाही, काळजी करू नका,’ हे वाक्य ऐकून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला खरे तर हायसे वाटायला हवे. परंतु जो कित्येक महिने बसता-उठता ओटीपोटातले दुखणे सोसतो आहे, त्याच्या कानांना तेच वाक्य ‘तुमचे दुखणे खरे नाही’ असे ऐकू येते. हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर आहेत आणि त्यांची सरमिसळ कशी होते, हे आज पाहायचे आहे.

बेंबीच्या खाली, ओटीपोटात किंवा त्याच्या आसपास होणारी वेदना साधारण ६ महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर तिला दीर्घकालीन श्रोणी वेदना म्हणतात. ‘श्रोणी’ हा पुस्तकातला शब्द. घरात आपण ‘खाली दुखते’ एवढेच म्हणतो, आणि पुष्कळदा तेही म्हणत नाही, कारण दुखण्याची जागाच अशी की पाळी, लघवी, शौच आणि शरीरसंबंध या चारही अवघड विषयांना स्पर्श केल्याशिवाय ते सांगता येत नाही. म्हणून माणूस ते अंगावर काढतो.

निदान अवघड होण्यास शरीराची रचनाही कारणीभूत आहे. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय शेजारी-शेजारी असतात आणि त्यांचे मज्जातंतू मणक्यातील जवळजवळ त्याच भागात येऊन मिळतात, त्यामुळे एका अवयवाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर नोंदली जाते आणि एक चिडला की शेजारीही हळवा होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय पाहतात, मूत्ररोगतज्ज्ञ मूत्राशय पाहतात, पोटविकारतज्ज्ञ आतडे पाहतात. प्रत्येकाचा अहवाल आपापल्या हद्दीत बरोबर असतो, आणि रुग्ण मात्र फायलींचा गठ्ठा घेऊन हिंडत राहतो.

एन्डोमेट्रिओसिसचेच पाहा. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना आहे, आणि तरीही निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात. त्याचे पृष्ठभागावरचे बारीक ठिपके नेहमीच्या सोनोग्राफीत दिसतीलच असे नाही. शिवाय आजाराचा पसारा आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते, तर मोठी गाठ असूनही दुसरीला त्रास जाणवत नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी लॅप्रोस्कोपीला, म्हणजे छोट्या छेदातून दुर्बीण घालून पोटात पाहण्याच्या शस्त्रक्रियेला, निदानाची अंतिम कसोटी मानणे सोडून दिले. लक्षणांवरून संशय सबळ असेल तर शस्त्रक्रियेआधीही औषधे सुरू करता येतात.

दीर्घकालीन श्रोणी वेदना हा बायकांचाच आजार आहे, असे समजणेही चुकीचे आहे. पुरुषांमध्ये अशा दुखण्याला सरसकट प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) सूज म्हणून अँटिबायोटिकची पाकिटामागून पाकिटे दिली जातात. वास्तविक प्रोस्टेटायटिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुसंख्य प्रकरणांत जिवाणू सापडतच नाहीत.

आता माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेल्या भागाकडे येऊ. वेदना दीर्घकाळ चालू राहिली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते. मग भरलेले मूत्राशय किंवा घट्ट कपडा यांसारख्या साध्या गोष्टीही दुखू लागतात, आणि मूळ कारण शमल्यावरही हा हळवेपणा उरू शकतो. सोबतच ओटीच्या तळाचे स्नायू दुखण्याच्या भीतीने सतत आवळलेले राहतात आणि स्वतःच दुखण्याचे उगमस्थान बनतात. अशा स्नायूंना केगेल व्यायामाने, म्हणजे हेच स्नायू पुन्हा पुन्हा आवळण्याच्या व्यायामाने, आणखी ताणणे म्हणजे दुखण्यात भर घालणे असू शकते. त्यांना सैल सोडायला शिकावे लागते, आणि ते या भागाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावे. ‘कुणीतरी केगेल सांगितले म्हणून केले आणि वाढले’ अशी तक्रार असेल, तर दोष तुमच्या चिकाटीचा नाही.

औषधांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. गॅबापेन्टिन हे औषध अशा वेदनेसाठी सर्रास लिहिले जात असे. लॅप्रोस्कोपीत ठळक कारण न सापडलेल्या ३०६ स्त्रियांवरील ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गॅबापेन्टिन हे औषधाचा आभास देणाऱ्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि दुष्परिणाम मात्र जास्त आढळले. आपल्याला ते चालू असेल तर मनाने एकाएकी बंद करू नका. ‘याचा मला उपयोग होतो आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. गर्भाशय काढल्याने दुखणे जाईलच, अशीही खात्री नसते.

समजून घेणारा डॉक्टर कसा ओळखावा? आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा ‘दुखते’ असे सांगणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्याचा आदर व्हावा, असे सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट नोंदवले. ‘कारण अजून सापडलेले नाही, पण दुखण्यावर आपण काम करू’ असे म्हणणारा डॉक्टर तुमच्या कामाचा. ‘लग्न झाले की थांबेल’ किंवा ‘मूल झाले की बरे वाटेल’ असे सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची सक्ती नाही. डॉक्टर तणाव किंवा झोपेबद्दल विचारतात तेव्हा मात्र लगेच दुखावून जाऊ नका, कारण वेदनेच्या उपचारात हे प्रश्न योग्यच असतात. तपासण्यांच्या ऐवजी ते विचारले जात असतील तर हरकत घ्या.

जाताना दोन महिन्यांची साधी नोंद न्या: दुखणे केव्हा वाढले, पाळीचा कितवा दिवस होता, लघवी-शौचाच्या वेळी काय झाले, बसल्याने वाढले की झोपल्याने कमी झाले, आणि त्यामुळे कोणते काम सुटले. ‘खूप दुखते’ यापेक्षा ‘महिन्यातले सहा दिवस मी कामावर जाऊ शकत नाही’ हे वाक्य केसपेपरवर लवकर उतरते. लघवीत किंवा शौचात रक्त, पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव, कारणाविना घटणारे वजन किंवा ताप असेल तर नोंदीसाठी थांबू नका. अचानक असह्य कळ आली, किंवा गरोदरपणाची शक्यता असताना दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आतून तपासणी करायची असल्यास ती का हवी हे आधी विचारा, सोबत कुणी हवे असेल तर तसे सांगा, आणि ‘मी हात वर केला की थांबा’ असे आधीच ठरवून घ्या. तपासणी मध्येच थांबवण्याचा अधिकार तुमचा आहे. निघताना पुढची तारीख घ्या, आणि तोपर्यंत फरक न पडल्यास पुढे काय करायचे तेही लिहून घ्या.