वळण चालेल, मोड नको

ऑफिस अजून सुरू व्हायचंय. फॉल्स सीलिंगच्या उघड्या चौकटींतून निळ्या केबली लोंबताहेत. रंगकाम आटोपायच्या आत हे सगळं नजरेआड झालं पाहिजे, एवढंच वायरिंगवाल्यांना सांगितलेलं असतं.

ही कॅट-सिक्स, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची तांब्याची केबल. वरचं आवरण सोललं की आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ आहे, पण नीट बघा, चारही पीळ सारखे नाहीत. एक घट्ट, एक जरा सैल. मधली प्लास्टिकची फुली जोड्यांना एकमेकींपासून लांब ठेवते. या मांडणीमुळेच एकीतला सिग्नल दुसरीत फारसा घुसत नाही. अशा पीळदार जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ साली घेतलं होतं, टेलिफोनच्या तारांसाठी.

आता हा कोपरा. केबल झाकणारी पट्टी काटकोनात वळली, म्हणून केबलही तशीच दाबून बसवली. तांबं शाबूत आहे. पण मोडीच्या जागी जोड्या सरकल्या, पीळ उकलला, आणि सिग्नलचा काही भाग तिथूनच माघारी फिरतो. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या निदान चौपट हवी. सहा मिलिमीटरच्या केबलला साधारण अडीच सेंटिमीटर. इंटिरियरच्या नकाशात तेवढी जागा सोडायची कोणाची तयारी नसते. गोल कोपरा म्हणे दिसायला बरा दिसत नाही!

दिवे मालवले. ही ऑप्टिकल फायबर. प्रकाश वाहून नेणारा गाभा ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या नऊपट, भोवतीची काच धरून १२५ मायक्रॉन. एका टोकाकडून लाल प्रकाश सोडलाय. सैल वेटोळं, काही दिसत नाही. जरा आवळलं. अजून थोडं. आणि वळणावर लाली फुटली. केबलमधून पुढे जायचा प्रकाश तिथून बाहेर गळतोय. वेटोळं सोडलं की गळती थांबते. काच तडकली असेल तर मात्र नाही. घरोघरी नेतात ती फायबर बरंच सोसते, काही प्रकार तर साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत.

पुन्हा कोपऱ्यावर. पट्टी उचकटली, मोडलेला तुकडा कापून टाकला, नवी केबल ऐसपैस वळवून घेतली. करकचून आवळलेल्या झिप टायच्या जागी वेल्क्रो.

हे केलं नाही तर? एखादी जोडी निकामी झाली की हजार एमबीपीएसची लाइन शंभरवर येऊ शकते, कारण शंभरला दोनच जोड्या पुरतात. मग इंटरनेट कंपनीला फोन जातो, राउटर बदलला जातो. पट्टी उघडून बघायचं सगळ्यात शेवटी सुचतं.