फाटलेल्या आवाजाची मैफल

नमस्कार, श्रोतेहो.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आणि ब्लूज-रॉक हा त्याचाच दणदणीत अवतार. ब्लूज-रॉकचा बँड पहिल्यांदाच समोर बसून ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत वाटतं, स्पीकर फाटला. गिटार खरखरतेय, चिरकतेय, आणि साउंडवाला मात्र हाताची घडी घालून निवांत उभा. शेजारी बघावं तर तिथला माणूस मान डोलावतोय. श्रोतेहो, तो आवाज मुद्दाम फाडलेला असतो. पुन्हा सांगून ठेवतो, मुद्दाम. त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला काही राहवणार नाही. पण आधी जाण्यायेण्याचं बघू.

मराठवाड्यात असे बँड सहसा येत नाहीत, मुंबई-पुणे गाठावं लागतं. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. तो फेब्रुवारीत भरतो. शिकागोचा नावाजलेला गिटारवाला बडी गाय तिथे वाजवून गेलेला आहे. आपल्या शिलाँगचा सोलमेट हा बँडही ऐकण्यासारखा, रूडी वालांग यांची गिटार आणि टिप्रिती खारबंगार यांचा गळा. २००७ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत भारताकडून हीच मंडळी गेली होती.

तिकीट काढण्याआधी परतीच्या गाडीचा विचार करा. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. त्यामुळे कार्यक्रम दहाच्या तोंडाशी संपतो आणि बँड खरा रंगतो तो शेवटच्या अर्ध्या तासात. तोवर आपली देवगिरी एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटलेली असते. ती धरायची तर आठलाच उठावं लागतं, म्हणजे पंगतीत वरणभातावर उठल्यासारखं. रात्री मुक्काम करा, सकाळची गाडी धरा.

दहाची ही मर्यादा आपल्याकडे तर जास्तच जाचते. पत्रिकेवर सातची वेळ छापायची आणि आठपर्यंत दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगतं. पाहुणे चार असले की कलाकाराची पाऊण तासाची वेळ गेलीच. सत्कार मध्यंतरात उरकावेत, हे माझं आपलं मत. असो.

आता ऐकायचं काय. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. बहुतेक ब्लूज याच चौकटीत फिरतो. पहिले चार खंड षड्जावर. मग दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर. मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. पुन्हा ऐका, बोटांवर मोजा: चार सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा. हे दोन गाण्यांत मोजलंत की तिसऱ्या गाण्यात बँड कुठे वळणार ते तुम्हाला आधीच कळतं. ड्रमवाला बऱ्याचदा प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करतो आणि मधला गाळतो, म्हणून चाल डोलत येते.

शब्दांची रचनाही सोपी. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्यावर उतारा. गायकाची ओळ चार खंड भरत नाही, दोन-अडीच खंडांत संपते. उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. ती उत्तरं ऐका. उत्तर देताना गिटारवाला डाव्या हाताने तार आडवी ढकलतो आणि कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधेच कुठेतरी थांबतो. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला ही जागा लगेच सापडते. कुणी बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून तारेवरून सरकवतो, त्याला स्लाइड म्हणतात. आवर्तनाच्या शेवटच्या दोन खंडांत वाजवणारे एकमेकांकडे बघतात. पुढची फेरी कुणी घ्यायची, ते तिथे डोळ्यांनी ठरतं.

आता ती गोष्ट.

मार्च १९५१. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल नावाचं गाव, कापसाच्या पट्ट्यातलं. कापसाचा पट्टा म्हणजे काय, ते परभणी-जालन्याच्या माणसाला सांगायला नको. वेचणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरतं तेही सांगायला नको. त्या गावात एक बँड होता, किंग्ज ऑफ रिदम. म्होरक्या आइक टर्नर, वय एकोणीस, बसायचा पियानोवर. सॅक्सोफोन वाजवायला आणि गायला जॅकी ब्रेन्स्टन. आणि गिटारवर विली किझार्ट. हे नाव लक्षात ठेवा, विली किझार्ट.

पुढे ब्लूजमध्ये मोठं नाव झालेला गिटारवाला बी. बी. किंग तेव्हा मेम्फिसला रेडिओवर काम करायचा. त्याने टर्नरला सुचवलं की मेम्फिसला सॅम फिलिप्स म्हणून एकजण आहे, त्याच्याकडे जाऊन रेकॉर्ड करा. या फिलिप्सचा स्टुडिओ छोटासाच, युनियन अव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाचा, १९५० च्या जानेवारीत उघडलेला. लग्न असो की अंत्यविधी, बोलावतील तिथे जाऊन हा माणूस ध्वनिमुद्रण करून द्यायचा. पोट भरायला ते, आणि मनासारखं काम म्हणून ब्लूज.

बँड निघाला. मोटारीत माणसं, ड्रम, सॅक्सोफोन आणि किझार्टचा ॲम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, थोडक्यात ॲम्प. रस्ता हायवे ६१, अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरहून बीडला जाण्याएवढं. वाटेत ॲम्पला इजा झाली. कशी झाली, याच्या दोन कथा आहेत. एका कथेत तो मोटारीच्या टपावरून खाली आदळला. दुसऱ्या कथेत टायर पंक्चर झाला, पाऊस सुरू होता, स्टेपनी काढायला डिकी उघडली आणि पाणी ॲम्पमध्ये गेलं. मला विचाराल तर पावसाची कथा जास्त पटते, कारण भर पावसात पंक्चर होणं हा टायरांचा जुना स्वभाव आहे. काही असो, मेम्फिसला पोचून ॲम्प लावला आणि गिटार छेडली, तर स्पीकरचा कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा आतला कागदी शंकू, गेलेला. आवाज खरखर.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, कोन गेला की नवा बसवायचा. फिलिप्सला तेवढी सवड नव्हती. बँड आलेला, स्टुडिओ तयार, आणि दुरुस्ती तातडीने होण्यासारखी नाही. मग त्याने कागद घेतला. कुणी म्हणतं खाकी कागद, कुणी म्हणतं वर्तमानपत्राचा. तो चुरगळला आणि स्पीकरच्या कोनात कोंबला. झालं काय, की कोन हलला की कागदही थरथरायचा, आणि गिटारचा आवाज सॅक्सोफोनसारखा घोगरा, जाडसर लागायला लागला. दुसऱ्या एखाद्याने ती गिटार गुपचूप मागे ढकलली असती. फिलिप्सने ती पुढे आणली. श्रोतेहो, सगळी गोष्ट या एका निर्णयात आहे. बिघडलेली गिटार त्याने लपवली नाही, पुढे आणली.

गाण्याचं नाव ‘रॉकेट ८८’, ओल्ड्समोबिल कंपनीच्या तेव्हाच्या नव्या मोटारीवरून. ब्रेन्स्टन गायला. फिलिप्सने ध्वनिमुद्रण शिकागोच्या चेस कंपनीला दिलं, रेकॉर्ड निघाली, आणि जूनमध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. रेकॉर्डवर नाव काय छापलं? जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्स. बँड टर्नरचा, पियानो टर्नरचा, आणि नाव भलत्याच बँडचं. टर्नर चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. पण त्याचं नाव निदान पुढे जगाला कळलं. ज्याच्या ॲम्पमध्ये कागद कोंबला तो विली किझार्ट गिटार शिकणाऱ्या किती पोरांना ठाऊक आहे? आपल्याकडच्या जुन्या भावगीतांच्या तबकड्यांवरही तेच. गायक छापला, संगीतकार छापला, बासरी कुणाची ते कोण सांगणार? चार नावं जास्त छापायला शाई किती लागते?

पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड हीच का, यावर जाणकार अजून भांडतात, भांडू देत. फाटका आवाज लोकांना आवडला, एवढं मात्र नक्की. पुढे १९५८ साली लिंक रे या गिटारवाल्याने पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने कोन चिरला. मधल्या काळात, १९६२ साली, फझची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने दाबायची डबी विकायला आली. आणि १९६६ मध्ये इंग्लंडच्या जॉन मेयॉलच्या बँडबरोबर ध्वनिमुद्रण करताना गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनने मार्शल कंपनीच्या ॲम्पचा आवाज स्टेजवर ठेवतात तेवढाच मोठा ठेवला, कमी करायला तयार झाला नाही. आज ब्लूज-रॉक म्हणून जे ऐकतो, ते तिथून पुढचं.

आता कागद लागत नाही. व्हॉल्व्हचे ॲम्प अजून वापरतात, आपल्या जुन्या रेडिओत असायचे तसल्या व्हॉल्व्हचे. ॲम्पची देण्याची ताकद संपते तिथे आवाजाच्या लहरीचे माथे कापले जाऊन सपाट होतात, आणि त्या कापण्यातून मूळ सुराच्या वरचे सूर तयार होतात. तोच तो खरखरीत भरदारपणा. यात गंमत अशी की हलकं छेडलं तर आवाज स्वच्छ, जोरात छेडलं तर फाटका. म्हणून गिटारवाल्याच्या उजव्या हाताची करंगळी बघा. गिटारवरचं आवाजाचं बटण ती सारखं फिरवत असते. गायक गाताना कमी, उत्तर देताना जास्त. आणि तो ॲम्पकडे तोंड करून उभा राहिला तर रुसलाय असं समजू नका. ॲम्पमधून आलेला आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि सूर लांबतो, तो जागा शोधत असतो.

बिघडतं काय? गाणं थांबलं तरी ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहिला, तर बहुधा अर्थिंग धड नाही किंवा गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारे तुकडे, एकपदरी वेटोळ्याचे आहेत. अमेरिकेतला १२० व्होल्टचा ॲम्प ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० वर लावला तर फ्यूज उडतो, कधी त्याहून मोठं नुकसान होतं. अर्थिंग नसताना गिटार हातात धरून माइकला ओठ लावले तर जबर झटका बसतो. आपल्याकडे जनरेटरवर मंडपात कार्यक्रम करणाऱ्या पोरांनी हे ऐकून ठेवावं. आधी अर्थिंग, मग गिटार. आधी अर्थिंग.

उभं कुठे राहायचं? सगळ्यांना पुढे जायचं असतं. लहान जागेत अगदी पुढे ॲम्पचा आवाज थेट अंगावर येतो, पण गायकाचा आवाज दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. त्यात ॲम्पच्या सरळ रेषेत उभं राहिलात तर तिखट आवाज भाल्यासारखा येतो, दोन पावलं बाजूला सरकलं की उतरतो. भिंतीला किंवा कोपऱ्यात टेकलात तर खर्ज फुगतो. उत्तम जागा साउंडवाल्याच्या टेबलाजवळ, किंचित पुढे. तो जे ऐकून सगळं जुळवतो, ते तुम्हालाही ऐकू येतं.

राहिले कान. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. (वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर लहान लेकरू खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापांना हा हिशेब कुणीतरी समजावायला हवा. तो मी समजावायला गेलो तर कार्यक्रम संपेल.) कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बोट लगेच काढलं तर तो बाहेर सरकतो आणि लोक म्हणतात, प्लगचा उपयोग नाही. वळा, कान ओढा, घाला, धरा. लहान मुलांना कानांवर बसणारे मफ घ्या, त्यांच्या कानात प्लग नीट बसत नाही.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर परतीच्या गाडीत इअरफोन लावू नका, कानांना शांत राहू द्या. दोन दिवसांनीही शिट्टी थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.