फितीची सावली

ख्रिश्चन मार्क्ले यांच्या छायाचित्रांत गर्द निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा जो गुंता दिसतो, ती कॅसेटमधून उपसून काढलेली फीत आहे. नेमके सांगायचे, तर त्या फितीची सावली आहे. मार्क्ले शिकले दृश्यकला, पण त्यांचे नाव आधी झाले ते रेकॉर्ड प्लेअर हेच वाद्य मानून वाजवणारे कलावंत म्हणून.

१९५५ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि जिनिव्हात वाढलेल्या मार्क्ले यांना बॉस्टनमध्ये कला महाविद्यालयात शिकत असताना रस्त्यावर मोटारीखाली आलेली एक तबकडी सापडली. ती लावल्यावर सुई जागोजागी अडखळू लागली, आणि त्या अडखळण्यातच त्यांना लय ऐकू आली. पुढे जुन्या बाजारातल्या तबकड्या कापून, वेगवेगळ्या तबकड्यांचे तुकडे एकत्र चिकटवून ते वाजवू लागले. १९८५ साली तर त्यांनी एक रेकॉर्ड मुद्दाम वेष्टनाशिवाय विक्रीला काढली, म्हणजे हाताळताना पडणारे ओरखडे आणि साचणारी धूळ यांची खरखर तिच्या संगीतात मिसळत जावी.

चित्राकडे जाण्याची वाट या वादनातूनच निघाली. १९८८ साली त्यांनी ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीचे कृष्णधवल छायाचित्र कलाकृती म्हणून मांडले. नावातली शांतता त्या गाण्याच्या वाट्याला अशी खरोखरच आली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शिडीवर एक टेपरेकॉर्डर ठेवला. पाण्याचा आवाज ऐकवत त्याची फीत दुसऱ्या चक्रीवर न जाता जमिनीवर ओघळत राहिली आणि खाली ढीग साचत गेला. अडकलेली फीत पेन्सिल घालून हळुवार परत गुंडाळणाऱ्या पिढीला तो ढीग बघवला नसता.

निळी छायाचित्रे त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, फ्लोरिडातील टॅम्पा येथे साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्राफिकस्टुडिओत झाली. पद्धत १८४२ सालची, इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांची; अभियंत्यांचे निळे नकाशे पुढे हिच्यातूनच आले. लोहाच्या दोन क्षारांचे द्रावण कागदाला फासून तो वाळवायचा, त्यावर वस्तू मांडायची आणि अतिनील प्रकाश पडू द्यायचा. प्रकाश लागतो तिथे न विरघळणारा निळा रंग तयार होतो, आणि झाकलेल्या जागेवरचे क्षार पाण्याने धुऊन जाऊन पांढरा कागद उरतो. साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते. मार्क्ले यांनी अशा कितीतरी कॅसेटी उलगडून कागदावर अंथरल्या.

साध्या कॅसेटच्या फितीवरही लोहाचाच लेप असतो. तिथे लोहाने आवाज धरून ठेवलेला, आणि इथे कागदावर लोहच प्रकाश धरून ठेवते. काही चित्रांच्या शीर्षकांत त्या कॅसेटींवरच्या गायकांची नावे आली आहेत; कोणती रेघ कोणाच्या गाण्याची, हे मात्र कितीही जवळ जाऊन पाहिले तरी ओळखता येत नाही.